दारूचें शिंग

शिंग म्हटलें कीं मराठी माणसाच्या कानांत प्रथम रणशिंग घुमूं लागतें. आज ज्या शिंगाविषयीं मी बोलणार आहें तेंही लढाईंतलेंच आहे. परंतु तें कधीं कोणीं फुंकलें नाहीं. त्यांत बंदुकीची दारू भरीत असत. दारू हा शब्द ऐकून कोणीं भलताच तर्क करूं नये. दारूगोळा, दारूकाम, मुंबईच्या माझगांवाकडील दारूखाना हे शब्द ज्यांच्या नित्याच्या वापरांतले आहेत, त्यांना ही दारू कोणती हें सांगावयास नकोच. अठराव्या शतकांत उत्तर अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींमध्यें ज्याच्या हातीं बंदूक, त्याच्या खांद्यावरून पट्ट्यानें लोंबणारें बैलाचें एक शिंग, हें चित्र अगदीं ठरलेलें असे.

रेडिओवरून वस्तु दाखवितां येत नाहीं, ही वक्त्याची मोठीच अडचण. म्हणून श्रोत्यांनीं असें एक शिंग मनानेंच हातीं घ्यावें. लांबी बांकावरून मोजली तर सुमारें दीड वीत. रंग मधासारखा पिंवळट, टोंकाकडे काळसर. वजन इतकें हलकें कीं उचलतांच नवल वाटावें. रुंद तोंड लांकडाच्या बुडख्यानें बंद केलेलें, निमुळत्या तोंडाला लहानशी खुंटी. आतां तें जरा फिरवून पाहा. एका अंगाला कोणाचें तरी नांव कोरलें आहे. नांवाखालीं गांव किंवा छावणी, तिच्याखालीं महिना आणि साल. बाजूनें एक नदी वळत वळत वर चढली आहे. तिच्या कांठीं घरें, प्रार्थनामंदिराचा मनोरा, किल्ल्यांचे बुरूज. उरलेल्या जागेंत हरिण, मासा, जहाज, आणि क्वचित् एखादी मत्स्यकन्या, जिचा त्या लढाईशीं कांहीं एक संबंध नाहीं! रेषा सुईनें किंवा चाकूच्या टोंकानें ओढलेल्या आणि त्या उठून दिसाव्या म्हणून त्यांत काजळ भरलेलें.

या शिंगांना संग्रहालयांत जागा मिळते ती कलाकुसरीसाठीं, आणि तशी कलाकुसर कांहीं शिंगांवर खरोखरच आहे. परंतु माझ्या मतें त्यांचें मोल निराळें. त्या काळच्या सेनापतींचीं पत्रें, गव्हर्नरांचे खलिते, मुत्सद्द्यांचीं चरित्रें यांचे ढीगच्या ढीग शिल्लक आहेत. एका हंगामापुरता नांगर टाकून लढावयास आलेल्या शेतकऱ्याचें मात्र हजेरीपटावरील नांवापलीकडे बहुधा कांहीं उरलें नाहीं. त्याचें शिंग उरलें असेल तर त्याच्यापुरता तोच एक दस्तऐवज: अमुक माणूस अमुक सालीं अमुक ठिकाणीं होता. आतां दस्तऐवज म्हटला कीं त्याच्या मागोमाग खरेंखोटें हा प्रश्न आलाच, आणि या शिंगांच्या बाबतींत तो फार बिकट आहे. परंतु तिकडे वळण्यापूर्वीं शिंगाचा उपयोग काय होता तें पाहूं.

त्या काळची बंदूक चकमकीची. एक बार भरावयाचा म्हणजे केवढा खटाटोप! शिंगाची खुंटी काढून दारू मापांत ओतावयाची, ती नळीच्या तोंडांतून आंत सोडावयाची, तीवर गोळी टाकून गजानें ठांसावयाची, आणि मग चापाजवळच्या लहानशा खळग्यांत चिमूटभर रंजक घालावयाची. चाप ओढला कीं गारगोटीची ठिणगी रंजकेवर पडते, रंजक पेटते, तिची ज्वाला बंदुकीच्या कानांतून आंत शिरते आणि बार उडतो. पावसाची एक सर आली आणि दारू भिजली कीं बंदूक आणि काठी यांत फरक राहिला नाहीं.

राजाच्या पगारी पलटणींना सरकारी बंदुका मिळत. त्यांच्या नळ्या एका मापाच्या, म्हणून गोळी आणि दारू एकत्र बांधलेलीं कागदी काडतुसें त्यांना पुरवितां येत. वसाहतींतील लोक पुष्कळदां घरचीच बंदूक घेऊन येत. कोणाची नळी रुंद, कोणाची अरुंद. एकाची गोळी दुसऱ्याच्या बंदुकीला चालेल तर शपथ. अशा सैन्याला तयार काडतुसें पुरवावयाचीं कशीं? ज्यानें त्यानें आपल्या गोळ्या पिशवींत आणि आपली दारू शिंगांत घेऊन यावें, हाच सोपा मार्ग. मोठ्या शिंगांत सुमारें एक पौंड दारू मावे. लोखंडी डब्याला ठिणगी उडण्याची भीति, लांकडाला ओल लागण्याची, कांचेला फुटण्याची. शिंगाला यांतला एकही दोष नाहीं. आणि ज्याच्या गोठ्यांत गुरें आहेत त्याला तें जवळजवळ फुकटच.

शिंग तयार करण्याची रीत मोठी सुबक आहे. शिंग म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचा पदार्थ. त्याच्या आंत हाडाचा गाभा असतो. शिंग पाण्यांत उकळलें कीं हा गाभा सुटून येतो. मग बाहेरचा खडबडीत थर चाकूच्या पात्यानें किंवा कांचेच्या तुकड्यानें खरवडीत बसावयाचें. उत्तम शिंग इतकें पातळ खरवडीत कीं उजेडासमोर धरलें असतां आंत दारू किती उरली तें बाहेरून दिसावें. रुंद तोंड तापवून मऊ करावयाचें आणि त्यांत लांकडाचा गोल बुडखा ठोकून बसवावयाचा. शिंग निवूं लागलें म्हणजे तें त्या बुडख्याभोंवतीं आपोआप आवळलें जाई. वर चार खुंट्या किंवा बारीक खिळे मारले कीं काम पक्कें. निमुळत्या टोंकास आरपार भोंक पाडून त्यांत खुंटी बसविली आणि दोन्ही अंगांना पट्टा अडकविला, कीं शिंग खांद्यावर चढावयास मोकळें.

आपल्या देशांतही दारू ठेवण्याचीं पात्रें होत असत. मोगलांच्या काळचीं हस्तिदंती रंजकदानें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना हें कोरीव शिंग त्यांच्यापुढें ओबडधोबडच वाटेल. पण त्या रंजकदानांवर धांवणारीं हरणें दरबारी कारागिरानें धन्याच्या शिकारीसाठीं कोरलेलीं. येथें कोरणारा आणि बाळगणारा बहुधा एकाच तंबूंतले, आणि पुष्कळदां एकच.

दारूचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बंदुकीच्या दारूंत सुमारें तीन चतुर्थांश सोरा असतो. उरलेला भाग कोळसा आणि गंधक. अठराव्या शतकांत इंग्लंडांत तयार होणाऱ्या दारूसाठीं लागणारा सोरा मुख्यतः बिहारांतून जाई. पाटण्याच्या आसपासच्या खेड्यांतून नोनिया जातीचे लोक वस्तीजवळची खारट माती खरवडून गोळा करीत, ती पाण्यांत कालवून निथळवीत आणि तें पाणी आटवून सोरा काढीत. १७५७ सालीं प्लासीची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षीं ईस्ट इंडिया कंपनीनें मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळविला. त्याच सुमारास इंग्रजांचा आणि फ्रेंचांचा झगडा अमेरिकेच्या अरण्यांत चालला होता. मॅसॅच्यूसेट्सचा एखादा सुतार किंवा शेतकरी खांद्यावरून जें शिंग वागवीत होता, त्यांतल्या काळ्या भुकटींत बिहारच्या मातीचा अंश असणें अगदीं संभवनीय होतें. त्याला हें ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. आणि माती खरवडणाऱ्या नोनियाला तर अमेरिका हें नांवही माहीत नसेल.

या झगड्याला अमेरिकेंत ‘फ्रेंच आणि इंडियन युद्ध’ म्हणतात. येथें इंडियन म्हणजे आपण नव्हे. त्या भूमीचे मूळचे रहिवासी. त्यांच्या निरनिराळ्या जमाती दोन्ही पक्षांकडून लढल्या. हें युद्ध १७५४ ते १७६३ पर्यंत चाललें, आणि चांगलीं म्हणून जीं कोरीव शिंगें गणलीं जातात त्यांतलीं पुष्कळशीं याच काळांतलीं आहेत. याचें कारण भूगोलांत आहे. दाट अरण्यांतून तोफा न्यावयाच्या तर पाण्याची वाट हीच खरी वाट. न्यूयॉर्कहून हडसन नदीनें ऑल्बनीपर्यंत जावें, तेथून वर फोर्ट एडवर्ड, मग थोडी जमिनीवरची मजल, पुढें लेक जॉर्ज, त्याच्यापुढें लेक चॅम्प्लेन आणि त्यापलीकडे फ्रेंचांचा कॅनडा. दोन्ही बाजूंचे किल्ले याच वाटेवर. वर्षानुवर्षें हजारों माणसें याच वाटेनें गेलीं आणि याच तळ्याच्या कांठीं तळ देऊन बसलीं.

हे वसाहतींचे सैनिक वसंत ऋतूंत भरती होत आणि थंडी पडली कीं घरीं जात. लढाई त्यांच्या वांट्याला थोडी येई. रस्ते खणणें, झाडें तोडणें, होड्या वल्हवणें, किल्ल्यांच्या भिंती रचणें आणि तापानें व हगवणीनें आजारी पडणें, यांतच हंगाम संपे. १७५८ सालच्या जुलैंत जनरल ॲबरक्रॉम्बी सुमारें पंधरा हजार फौज घेऊन टिकोंडेरोगाच्या फ्रेंच किल्ल्यावर चालून गेला. आंत माँटकामजवळ चार हजारांच्या आंतच माणसें होतीं. तोफा पुढें आणण्याची वाट न पाहतां ॲबरक्रॉम्बीनें तोडलेल्या झाडांच्या आडोशावर सरळ हल्ला चढविला आणि एका दिवसांत सुमारें दोन हजार माणसें जायबंदी किंवा ठार करून घेतलीं. उरलेलें सैन्य लेक जॉर्जच्या दक्षिण टोंकाशीं परत आलें आणि तेथेंच बसून राहिलें. पुढें काय करावयाचें तें कोणालाच कळेना. अशा वेळीं माणूस हातांतला चाकू आणि खांद्यावरचें शिंग यांच्याशीं चाळा करूं लागला तर त्यांत आश्चर्य कसलें? लेक जॉर्ज येथें केलें, असा मजकूर असलेलीं शिंगें त्या वर्षांतलीं मिळतात, त्यांच्यामागें ही परिस्थिति आहे.

मजकुराची एक ठरलेली धाटणी होती. ‘अमक्याचें शिंग’ असें न लिहितां ‘अमका, त्याचें शिंग’ असें लिहीत. इंग्रजींतली ती एक जुनी रीत. शुद्धलेखनाच्या नांवानें आनंदच असे. एकच गांव तीन शिंगांवर तीन तऱ्हांनीं लिहिलेला. एखादें अक्षर आरशांत पाहिल्याप्रमाणें उलटें. तरी या माणसांना निरक्षर समजूं नये. न्यू इंग्लंडच्या वसाहतींत लिहितां वाचतां येणाऱ्या पुरुषांचें प्रमाण त्या काळीं पुष्कळच मोठें होतें. ते कानाला ऐकूं आलें तसें लिहीत, एवढेंच. कित्येकदां नांवानंतर एखादें यमकबद्ध बोलणें येई: चोरा, हें शिंग नेऊं नकोस, मालकाचें नांव यावर आहे, तुझीच लाज जाईल, अशा अर्थाचें. छावणींत सारींच शिंगें सारखीं दिसणार. तेव्हां नांव घालण्याचें पहिलें कारण हेंच, अगदीं आपल्याकडे लग्नघरीं भांड्यांवर नांवें घालून ठेवतात तसें.

पण भांड्यावर नांव घालणारा त्यावर नदी काढीत नाहीं. नकाशांचीं शिंगें ही या सर्वांत नवलाची जात. हडसन आणि मोहॉक या नद्या शिंगाच्या लांबीबरोबर धांवतात आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर न्यूयॉर्क, ऑल्बनी, शेनेक्टडी, सॅराटोगा, फोर्ट एडवर्ड अशीं ठाणीं एकामागून एक लागतात. प्रमाण वगैरे कांहीं पाहूं नये. वारकऱ्याला पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम जसे क्रमानें पाठ असतात, कोस नव्हे, तसाच हा प्रकार: या ठाण्यानंतर तें ठाणें. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें अशीं शिंगें आपल्या नकाशांच्या विभागांत ठेवलीं आहेत, आणि तें योग्यच आहे. हीं शिंगें पाहून शिपाई वाट शोधीत असत, असें कित्येकांनीं लिहिलें आहे. मला तें पटत नाहीं. त्याच त्या नद्या, तींच तीं ठाणीं निरनिराळ्या शिंगांवर इतक्या सारख्या रीतीनें येतात कीं कोरणाऱ्यापुढें कांहीं नमुना असला पाहिजे आणि गिऱ्हाइकाला आपण कोठें कोठें हिंडलों याची आठवण हवी असली पाहिजे. अरण्यांत वाट दाखवावयास शिंग नव्हे, मोहॉक जमातीचा वाटाड्या लागे. त्या जमातींचीं माणसें शिंगांवर फार थोडीं दिसतात. मात्र शेनेक्टडी, टिकोंडेरोगा, सॅराटोगा हीं नांवें त्यांच्या मुलखांतलीं, आणि इंग्रज शिपायानें तीं हवीं तशीं वेडींवांकडीं लिहून कां होईना, जपून ठेवलीं आहेत.

पुष्कळ नकाशा-शिंगांवर इंग्लंडच्या राजाचें राजचिन्हही असतें: एका बाजूस सिंह, दुसऱ्या बाजूस एकशिंगी घोडा. त्यांतली गंमत अशी कीं त्या ढालीच्या एका चौकटींत फ्रान्सचीं कमलपुष्पें आहेत! इंग्लंडचे राजे मध्ययुगापासून स्वतःला फ्रान्सचेही राजे म्हणवीत आले आणि हा पोकळ दावा त्यांनीं १८०१ सालापर्यंत सोडला नाहीं. म्हणजे फ्रेंचांच्या गोळ्या चुकवीत बसलेला शिपाई मन लावून फ्रेंचांचेंच फूल आपल्या शिंगावर कोरीत होता.

पुढें वीस वर्षांच्या आंतच हीच माणसें, किंवा यांचे मुलगे, त्या राजाविरुद्ध उठले. जुनीं शिंगें पुन्हा खुंटीवरून खालीं आलीं. १७७४ सालच्या ऑक्टोबरांत इंग्लंडनें वसाहतींकडे दारूगोळा नेण्यास बंदी केली होती, आणि दारू तयार करण्याचे कारखाने वसाहतींत नांवालाच होते. १७७५ च्या उन्हाळ्यांत बोस्टन शहराला वेढा घालून बसलेल्या सैन्याची सूत्रें जॉर्ज वॉशिंग्टननें हातीं घेतलीं. ऑगस्टमध्यें कोठारांचा हिशेब झाला तेव्हां असें आढळलें कीं माणशीं अर्धा पौंडदेखील दारू शिल्लक नाहीं. माणशीं नऊ बारसुद्धां होऊं नयेत इतकीच ती होती. जनरल सलिव्हन यानें त्या वेळीं लिहिलेल्या पत्रांत म्हटलें आहे कीं हें ऐकून वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्दही बोलला नाहीं. त्याच पत्रांतला दुसरा तपशील आपल्या विषयाचा आहे. हा हिशेब सांगतांना सलिव्हननें लोकांच्या शिंगांतली आणि काडतूस-पेट्यांतली दारू त्यांत धरलेली नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. कोठारें रिकामीं असतां त्या सैन्यापाशीं जें कांहीं बळ होतें तें शिंगाशिंगांतून वांटलेलें होतें. पुढें दारू आली ती मुख्यतः फ्रान्सकडून, वेस्ट इंडीज बेटांच्या मार्गानें.

या वेढ्यांतलीं शिंगेंही बरींच आहेत. त्यांच्यावर बोस्टन शहर, बंदरांतलीं जहाजें, रॉक्सबरीच्या बाजूचे तंबू आणि मोर्चे. हातही बदलला आहे आणि मनही बदललें आहे. शिकागोच्या इतिहास-संग्रहालयांत जेम्स पाइक नांवाच्या माणसाचें १७७६ सालचें शिंग आहे. त्यावर स्वातंत्र्याचा वृक्ष काढला असून राजाचे शिपाई आणि वसाहतींचे लोक परस्परांसमोर उभे आहेत. १९ एप्रिल १७७५ रोजीं लेक्सिंग्टन येथें पहिली गोळी कोणीं झाडली, यावर इतिहासकार अद्यापि वाद घालतात. पण पाइकच्या शिंगावर आगळीक राजाच्या शिपायांनीं केली हा निकाल तारखेसह कोरून टाकला आहे.

स्वातंत्र्यानंतरही शिंग कांहीं काळ टिकलें. १७९२ च्या कायद्यानें प्रत्येक नागरिक-सैनिकाला स्वतःचीं हत्यारें बाळगण्यास सांगितलें, त्यांत रायफल असणाऱ्यानें दारूचें शिंग आणि पाव पौंड दारू ठेवावी असें स्पष्ट लिहिलें होतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत धातूचीं काडतुसें आलीं आणि शिंगाचें काम संपलें. तीं माळ्यावर पडलीं, धान्याच्या कोठींत टांगलीं गेलीं, पोरांच्या खेळांत फुटलीं. १८७६ सालीं स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक उत्सवानें लोकांना आजोबा-पणजोबांची आठवण झाली आणि तीं पुन्हा दिवाणखान्यांत आलीं. न्यूयॉर्क संस्थानांतील कॅनाजोहारी या गांवीं रूफस ग्रायडर नांवाचे चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांनीं म्हातारपणीं खेडोपाडीं हिंडून घरोघरचीं शेंकडों शिंगें पाहिलीं आणि त्यांचीं रंगीत चित्रें काढून ठेवलीं. हा चित्रसंग्रह न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक संस्थेकडे आहे. १९०० सालीं ग्रायडर वारले. १९४५ मध्यें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील शस्त्रास्त्रांचे तज्ज्ञ स्टीफन ग्रान्सी यांनीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून शिंगांचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखाच झाली.

मान वाढला तशी किंमत वाढली, आणि किंमत वाढली तसे लबाडही आले. यांतली सर्वांत धूर्त लबाडी नवें शिंग जुनें म्हणून विकण्याची नव्हे. तीं लवकर उघडकीला येतात. बहुतेक शिपायांनीं आपल्या शिंगावर कांहींच कोरलें नव्हतें. अशीं साधीं, खरीं, जुनीं शिंगें पुष्कळ आणि स्वस्त. त्यांतलेंच एक घ्यावयाचें, त्यावर एक नांव, एक किल्ला आणि १७५८ किंवा १७७५ असें साल घालावयाचें कीं झालें. शिंग खरें, बुडखा खरा, पट्ट्याची झीज खरी. खोटा तेवढा मजकूर. हजेरीपटाशीं नांव ताडून पाहावें म्हणावें, तर तोही आधार पुरता भरंवशाचा नाहीं. मॅसॅच्यूसेट्स संस्थानानें स्वातंत्र्ययुद्धांतील आपल्या सैनिकांच्या नांवांचे सतरा मोठे खंड १८९६ ते १९०८ या काळांत छापून काढले. परीक्षक तीं पानें उलटतो, तसा खोटें करणाराही उलटूं शकतो.

तेव्हां साक्ष काढावयाची ती शिंगाचीच. वर्षानुवर्षें कमरेवर घासून शिंगाची जी बाजू गुळगुळीत झाली असेल, त्या बाजूवरचीं अक्षरेंही तितकींच झिजलेलीं हवींत. शिंग झिजलेलें आणि अक्षरें धारदार, हें जमत नाहीं. जुनें शिंग सुकतें आणि त्याला चीर पडते. चीर अक्षराला मधोमध छेदून गेली असेल तर अक्षर आधींचें. अक्षरानें चिरेला वळसा घातला असेल तर तें मागाहूनचें. शिंगाला कीड लागते आणि बारीक खळगे पडतात. रेषा खळग्याच्या कडेशीं येऊन थांबली आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली, तर ती कोठून आली तें सांगावयास नको. मजकुराचा मेळही पाहावा लागतो. फोर्ट स्टॅनविक्स १७५८ सालीं बांधूं लागले; तो १७५६ सालच्या शिंगावर दिसला तर भुंवया वर गेल्याच पाहिजेत. अर्थात् येथेंही घाई नको. कांहीं मालक जुन्या शिंगावर पुढच्या मोहिमेंतलीं ठाणीं मागाहून वाढवीत. म्हणून एवढ्या एकाच कारणानें शिंग बाद करणें हा अन्यायच होईल.

सर्वांत अवघड परीक्षा अक्षरांच्या वळणाची. सारींच शिंगें मालकानें स्वतः कोरलेलीं नसत. छावणींत एखादा हातखंडा माणूस असे आणि त्याच्याकडे दुसऱ्यांचीं शिंगें येत. त्याचीं अक्षरें एकदां ओळखीचीं झालीं कीं निरनिराळ्या संग्रहांत पांगलेलें त्याचें काम हळूहळू एकत्र येतें. अशा कारागिरांपैकीं जेकब गे याचें नांव दोन्ही युद्धांतल्या शिंगांवरून माहीत आहे. त्याहून जुना आणि मला वाटतें अधिक गुणी म्हणजे जॉन बुश. हा मॅसॅच्यूसेट्समधील श्रूजबरी गांवचा कृष्णवर्णी सैनिक. १७५५ आणि १७५६ सालीं लेक जॉर्जच्या छावणींत त्यानें जीं शिंगें कोरलीं त्यांचीं मोठीं अक्षरें एखाद्या कसलेल्या लेखकाच्या बोरूंतून उतरावीं तशीं डौलदार आहेत; पुढच्या कोरणाऱ्यांनीं तेंच वळण गिरविलें. विल्यम गुथमन या संशोधकानें अशा शिंगांचें प्रदर्शन १९९३ सालीं कनेक्टिकटच्या ऐतिहासिक संस्थेंत भरविलें आणि त्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां बुशचें नांव जाणत्यांच्या तोंडीं झालें.

बुशनें कोरलेलीं नांवें दुसऱ्यांचीं. ऑगस्ट १७५७ मध्यें माँटकामनें फोर्ट विल्यम हेन्री हा लेक जॉर्जवरचा किल्ला वेढला आणि आठवड्याभरांत तो पडला. त्या वेळीं फ्रेंचांच्या हातीं सांपडलेल्यांत जॉन बुश होता. तो श्रूजबरीला परत आला नाहीं. कैदेंतच त्याचा अंत झाला. ज्यांचीं नांवें त्यानें कोरलीं होतीं त्यांतले कित्येक मात्र आपापलीं शिंगें घेऊन घरीं पोंचले, आणि त्यांच्या मुलानातवंडांनीं तीं खुंटीला टांगून ठेवलीं.